सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे दंतारोग्य

जेवणाकडे मान फिरवणारे, रात्री दचकून उठणारे, वारंवार गालावर हात मारून घेणारे मूल पाहिले की घरची मंडळी प्रथम पोटाचा विचार करतात. नंतर नव्या औषधाचा संशय येतो. आकड्यांचे प्रमाण वाढले तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे धाव घेतली जाते, तपासण्या होतात, औषधाची मात्रा बदलते. कित्येक आठवड्यांनी कोणीतरी विजेरी घेऊन तोंडात डोकावते तेव्हा मागच्या दाढेत खोलवर गेलेली कीड दिसते. बोलता येणाऱ्या मुलाने हे दुखणे पहिल्याच दिवशी सांगितले असते. ज्याला शब्दांची साथ नाही, हातही हवा तिथे नेता येत नाही, त्या मुलाचा दात मात्र दुखत राहतो आणि त्याचा त्रास आहार, झोप, आकड्या, चिडचिड अशा अनेक वाटांनी बाहेर पडतो.

मेंदूच्या गुंतागुंतीच्या विकारांसह वाढणाऱ्या मुलांच्या संगोपनात दातांचा क्रम नेहमीच शेवटी लागतो. आकड्या, फिजिओथेरपी, आहार, शाळा यांतून वेळ उरला तर दात, अशी कुटुंबांची अपरिहार्य स्थिती असते. वास्तविक यांपैकी बहुतेक मुलांचे दात इतर मुलांसारखेच निरोगी राहू शकतात. त्यासाठी लागणारी निगा वेगळ्या पद्धतीची असते, इतकेच. या विकारांपैकी एक प्रमुख विकार म्हणजे सेरेब्रल पाल्सी. तिच्या संदर्भात मुलांच्या दातांची काळजी कशी घ्यावी, उपचार कसे होतात आणि कोणत्या सोयी उपलब्ध आहेत, याचा हा आढावा.

विकार मेंदूचा, परिणाम तोंडावर

गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मेंदू वाढत असताना त्याला इजा झाली तर स्नायूंच्या हालचालींवरचे नियंत्रण बिघडते. या स्थितीला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जगभरात दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांमध्ये ती आढळते. मेंदूची मूळ इजा पुढे वाढत नाही. तिचे स्नायूंवरचे परिणाम मात्र वयानुसार बदलत जातात. काही मुलांचे स्नायू ताठर असतात, काहींच्या हालचाली अनियंत्रित असतात, तर काहींचा तोल जातो. सुमारे एक तृतीयांश मुलांना अपस्माराचाही त्रास असतो. अनेक मुलांची बुद्धी उत्तम असते, परंतु तोंडाच्या स्नायूंवर ताबा नसल्याने बोलणे अस्पष्ट होते आणि त्यांची समज कमी लेखली जाते.

या विकारामुळे दातांना थेट कीड लागत नाही. ज्या क्रिया तोंड स्वच्छ ठेवतात, त्या क्रियाच दुबळ्या होतात. निरोगी माणसाची जीभ जेवणानंतर नकळत गालाच्या कोपऱ्यात फिरते, अडकलेला कण शोधते आणि गिळून टाकते. सेरेब्रल पाल्सीत जिभेची ही हालचाल मंद असते. मऊ भात, पेज, कुस्करलेले केळे, चहात बुडवलेले बिस्कीट यांचा लगदा टाळूला आणि गालाच्या आत तासन्‌तास चिकटून राहतो. चावून खाण्याची सवय नसल्यामुळे दातांचे नैसर्गिक घासणेही होत नाही.

लाळ गळणे हे या मुलांचे ठळक लक्षण मानले जाते. लाळ जास्त तयार होते म्हणून ती गळते, असा समज आहे. बहुतेक मुलांमध्ये लाळ नेहमीइतकीच तयार होते. ती वेळेवर गिळली जात नाही, ओठ मिटत नाहीत, म्हणून ती बाहेर येते. लाळ ही दातांची रक्षक आहे. ती आम्ल सौम्य करते आणि दाताच्या आवरणाला खनिजे पुरवते. त्यामुळे लाळ कमी करणारे उपचार करताना दातांचाही विचार करावा लागतो.

जन्म मुदतीपूर्वी झालेला असेल तर दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे इनॅमल, काही ठिकाणी पातळ किंवा खडबडीत राहण्याची शक्यता अधिक असते. अशा जागी कीड लवकर पकड घेते. जीभ पुढे ढकलण्याच्या सवयीने वरचे पुढचे दात बाहेर येतात आणि पडल्यावर प्रथम त्यांनाच मार बसतो. दात करकर खाण्याच्या सवयीमुळे दाढांचे माथे झिजतात. अनेक मुलांना जठरातील आम्ल वर येण्याचा त्रास असतो. हे आम्ल रात्री तोंडात आले की दातांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूचे आवरण विरघळू लागते. दात आतून गुळगुळीत, पिवळसर आणि पातळ दिसू लागले तर दंतवैद्याबरोबर बालरोगतज्ज्ञालाही ते सांगितले पाहिजे.

नळीने अन्न घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत मोठा गैरसमज असतो. तोंडाने काही खात नाही, मग दात कशाला घासायचे, असे पालकांना वाटते. अशा मुलांच्या दातांना कीड कमी लागते, हे खरे. परंतु दातांवर दगडासारखा कठीण थर फार वेगाने जमतो आणि हिरड्या सुजतात. या थरातील जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची क्रिया सदोष असलेल्या मुलांसाठी न्यूमोनिया हा जिवावरचा धोका आहे. म्हणून नळीवर असलेल्या मुलाच्या तोंडाची रोजची स्वच्छता ही फुफ्फुसांचीही काळजी ठरते.

औषधे आणि दात

अपस्मारावर फेनिटॉइन हे औषध १९३८पासून वापरात आहे. त्यामुळे हिरड्या वाढतात, हे पुढच्याच वर्षी निदर्शनास आले. हे औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत कमीअधिक प्रमाणात हा परिणाम दिसतो. सुरुवात पुढच्या दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकापासून होते आणि काही वेळा वाढलेली हिरडी दात झाकून टाकते. दात स्वच्छ राखले तर ही वाढ बरीच आटोक्यात राहते. ती पाहून औषध परस्पर बंद करणे मात्र अत्यंत घातक आहे. अपस्माराचे औषध अचानक थांबवल्यास न थांबणारी आकडी येऊ शकते. औषध बदलायचे की नाही, हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांचाच.

व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या काही मुलांच्या रक्तातील प्लेटलेट कमी होतात. दात काढण्यापूर्वी रक्ततपासणी करून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते. कार्बामॅझेपिन घेणाऱ्या मुलाला एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके दिली तर रक्तातील कार्बामॅझेपिनची पातळी वाढून गुंगी, तोल जाणे, उलट्या असा त्रास होतो. लाळ कमी करण्यासाठी दिले जाणारे ग्लायकोपायरोलेट आणि स्नायूंचा ताण कमी करण्यासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल यांमुळे तोंड कोरडे पडते. कोरड्या तोंडात कीड झपाट्याने वाढते.

लहान मुलांची औषधे बहुधा गोड पातळ स्वरूपात असतात. रात्री झोपताना गोड औषध पाजून मुलाला तसेच निजवले, तर ती साखर रात्रभर दातांवर राहते. शक्य तेथे साखरविरहित औषध मागावे. ते मिळत नसेल तर औषधानंतर ओल्या मऊ कापडाने दात पुसावेत. अपस्मारासाठी कीटोजेनिक आहार घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत साखरेचा अल्प अंशही महत्त्वाचा असतो. त्यांच्यासाठी टूथपेस्ट, वेदनाशामक किंवा प्रतिजैविक निवडताना आहारतज्ज्ञांना विचारणे इष्ट.

सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा लिहिलेला कागद दंतवैद्याकडे जाताना जवळ असावा. आकडी कशी येते, शेवटची केव्हा आली, किती वेळ टिकली, ती कशामुळे चेतते, याची नोंदही त्याच कागदावर केली तर पुढचे काम सोपे होते.

न बोलणाऱ्या मुलाचे दुखणे

दातदुखीची खूण प्रत्येक मुलात वेगळी असते. तरीही काही बदल पुन:पुन्हा दिसून येतात. आवडीचे अन्न नाकारणे, थंड किंवा गरम पदार्थ तोंडाला लागताच रडणे, एकाच बाजूने चावणे, ओठ किंवा हात चावून घेणे, कानाशी वा गालाशी हात नेणे, लाळ एकाएकी वाढणे, तोंडाला दुर्गंधी येणे, स्नायूंचा ताठरपणा वाढणे, झोप मोडणे आणि कारणाविना आकड्या वाढणे ही त्यांतील प्रमुख चिन्हे होत. यांपैकी काहीही दोन-तीन दिवस टिकले तर तोंडाची तपासणी करावी. गालावर सूज, ताप, डोळ्याकडे किंवा मानेकडे पसरणारी सूज, तोंड उघडता न येणे अथवा गिळताना त्रास होणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

घरगुती उपायांत लवंगाच्या तेलाचा बोळा दाताखाली धरण्याची प्रथा आहे. ज्या मुलाला बोळा धरून ठेवता येत नाही, त्याच्या हिरडीला तेलाने भाजते आणि बोळा घशात जाण्याचाही धोका असतो. दुखऱ्या दाताशेजारी वेदनाशामक गोळी ठेवल्याने हिरडीला जखम होते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. व्हॅल्प्रोएट चालू असताना तर मुळीच नको. वजनानुसार पॅरासिटामॉल किती द्यायचे, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

घरातील निगा

दुधाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात येतात आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ दुधाच्या दाढांमागे शांतपणे उगवते. मेंदूच्या विकारांत दात येण्यास कधी उशीर होतो. पहिला दात आला की ब्रश सुरू व्हावा.

घासण्यासाठी न्हाणीघरच हवे असे नाही. मुलाचे डोके स्थिर राहील आणि घासणाऱ्याला आत स्पष्ट दिसेल, अशी जागा महत्त्वाची. लहान मुलाला मांडीवर घेऊन त्याचे डोके कोपराच्या खोबणीत टेकवता येते. घरात दोन माणसे असतील तर समोरासमोर बसून गुडघे जुळवावेत. मुलाचे पाय एकाकडे, डोके दुसऱ्याच्या मांडीवर. मोठ्या मुलाला चाकांच्या खुर्चीतच बसवून मागून उभे राहावे आणि एका हाताने हनुवटीला आधार द्यावा. डोके मध्यरेषेत ठेवणे फार महत्त्वाचे. मान एका बाजूला वळली की काही मुलांचे हातपाय आपोआप ताठ होतात आणि हे मूल विरोध करते, असा समज होतो. डोके मागे झुकले तर पाणी व लाळ श्वासमार्गात जाऊ शकते. गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाला पूर्ण आडवे करू नये. मान किंचित पुढे झुकलेली असावी.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. मुलाला स्वत: धरता येत असेल तर दांड्यावर सायकलची मूठ किंवा रबरी चेंडू बसवून तो जाड करता येतो. दाताच्या तिन्ही बाजू एकदम घासणारा तीन बाजूंचा ब्रशही मिळतो. ज्या मुलांचे तोंड फार थोडा वेळ उघडे राहते, त्यांना त्याचा उपयोग होतो. बॅटरीवरचा ब्रश काहींना सुखावतो, तर काहींना त्याच्या आवाजाने दचकायला होते. मुलाने स्वत: घासले तरी दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, मोठ्यांनी पुन्हा घासून द्यावे.

दातांना काही लागताच जबडा घट्ट मिटणे ही काही मुलांमधली प्रतिक्षिप्त क्रिया असते. त्यात हट्ट नसतो. अशा वेळी ब्रश ओढून काढू नये. थांबावे, स्नायू सैल होऊ द्यावेत. दातांमध्ये बोट कधीही घालू नये. जबडा उघडा ठेवण्यासाठी मऊ आधार कोणता आणि कसा वापरावा, हे दंतवैद्याकडून शिकून घ्यावे. गालापासून सुरुवात करून ओठ, मग हिरड्यांची बाहेरची बाजू आणि शेवटी आतली बाजू, असा रोजचा ठरलेला क्रम ठेवला तर अनेक मुले काही आठवड्यांत स्पर्श स्वीकारतात.

टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. चूळ भरता येत नसेल तर पेस्ट ब्रशच्या केसांत दाबून लावावी, थुंकी कापडाने टिपावी आणि ब्रश फक्त पाण्याने ओला करावा. फेस सहन न होणाऱ्या मुलांसाठी कमी फेसाची पेस्ट मिळते. तेलंगणातील नळगोंडासारख्या ज्या भागांत भूजलातच फ्लोराइड अधिक आहे, तेथील कुटुंबांनी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. मिशेरी, कोळशाची पूड, मीठ किंवा कोणतेही दंतमंजन या मुलांसाठी वर्ज्य मानावे. भुकटी श्वासात जाते आणि खरखरीत कणांनी इनॅमल झिजते.

आहाराच्या बाबतीत किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे निर्णायक ठरते. वजन वाढावे म्हणून दर तासाला गोड दूध, बिस्कीट किंवा शिरा भरवला जातो. वजनाची चिंता रास्त आहे. मात्र उष्मांक तूप, अंडे, शेंगदाण्याची पातळ चटणी, नारळाचे दूध, मासळीचा कुस्करा यांतूनही वाढवता येतात. गोड पदार्थ जेवणासोबतच द्यावा, मधल्या वेळी नको. चतुर्थीची नेवरी किंवा नाताळातील दोदोल मुलाला चाखू द्यावा. त्यानंतर पाणी पाजावे किंवा तोंड पुसून घ्यावे. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय मात्र पूर्ण मोडली पाहिजे.

पहिली भेट आणि दवाखान्यातील उपचार

पहिल्या वाढदिवसापूर्वी दंतवैद्याची पहिली भेट व्हावी, असे बालदंतवैद्यकाचे मत आहे. दुखणे नसताना झालेल्या भेटीत मुलाची जागेशी, प्रकाशाशी, वासाशी ओळख होते. बालदंतवैद्यक म्हणजे पेडोडॉन्टिक्स ही दंतशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा असून विशेष गरजा असलेल्या मुलांवरील उपचार हा तिच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

भेटीची वेळ घेतानाच मुलाची स्थिती सांगावी. सकाळची, मुलाची झोप व औषध झालेली वेळ मागावी, थांबावे लागणार नाही असे पाहावे. नेहमीची उशी, आवडते खेळणे किंवा गाणे बरोबर न्यावे. अनुभवी दंतवैद्य खुर्ची अर्धवटच झुकवतात, सांध्यांखाली उशा देतात, दिवा एकदम डोळ्यांवर येऊ देत नाहीत आणि प्रत्येक उपकरण आधी सांगून, मग दाखवून, नंतरच वापरतात. अचानक आवाज किंवा स्पर्श झाला की ताठर स्नायूंची मुले सर्वांगाने दचकतात, म्हणून हालचाली संथ ठेवल्या जातात. काही मुलांना त्यांच्याच चाकांच्या खुर्चीत तपासणे अधिक सुरक्षित ठरते. पहिल्या दोन भेटींत केवळ खुर्चीवर बसणे आणि दात मोजणे एवढेच झाले, तरी ती प्रगती समजावी.

प्रतिबंधक उपचारांत फ्लोराइड वार्निशला पहिले स्थान आहे. पाच टक्के सोडियम फ्लोराइडचा हा चिकट लेप काही मिनिटांत दातांवर लावता येतो. कीड लागण्याचा धोका अधिक असलेल्या मुलांना तो दर तीन ते सहा महिन्यांनी दिला जातो. दाढांवरच्या खोल रेषा बुजवणारा सीलंटही उपयुक्त आहे. मात्र त्यासाठी दात थोडा वेळ कोरडा ठेवावा लागतो.

लागलेली कीड थोपवण्यासाठी ३८ टक्क्यांचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड वापरता येते. ना यंत्र, ना सुई; थेंबभर द्रव किडलेल्या जागी लावला की बहुतेक वेळा कीड पुढे सरकत नाही. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी सांगितले जाते. दात आधीच दुखत असेल किंवा कीड नसेपर्यंत पोहोचली असेल तर हा उपाय पुरत नाही. हातानेच कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची एक पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या खेड्यांसाठी विकसित झाली. यंत्राच्या आवाजाने घाबरणाऱ्या मुलांनाही ती उपकारक ठरली आहे. दाढ बरीच किडली असेल तर स्टेनलेस स्टीलची टोपी अधिक काळ टिकते.

सुई देऊन जागा बधिर केल्यास पुढचे दोन-तीन तास मुलावर लक्ष ठेवावे. ओठ बधिर असताना मूल तो चावत राहते आणि संध्याकाळी मोठी जखम दिसते. बधिरता उतरेपर्यंत खायला देऊ नये.

पूर्ण भूल देऊन उपचार

ज्या मुलांच्या हालचाली थांबवता येत नाहीत, ज्यांच्या अनेक दातांवर काम करायचे असते किंवा ज्यांना भीती अनावर होते, त्यांच्यासाठी इस्पितळात पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सर्व उपचार केले जातात. पालकांना या शब्दाची धास्ती वाटते आणि उपचार वर्षानुवर्षे लांबतात. दुसरीकडे, चार जणांनी मुलाला दाबून धरून दात काढण्याचे प्रकारही घडतात. त्यातून दुखणे थांबते, पण दवाखान्याची भीती आयुष्यभर उरते.

भूल देण्यापूर्वी भूलतज्ज्ञ फुफ्फुसे, हृदय, पाठीच्या कण्याची वाकडी ठेवण, जठराम्लाचा त्रास आणि रक्ततपासण्या पाहतात. सर्दी, खोकला किंवा ताप असल्यास दिवस पुढे ढकलला जातो. सर्वसाधारण नियमाप्रमाणे घन आहार व दूध सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवतात. नळीने आहार घेणाऱ्या मुलांनाही हाच नियम लागू असतो. अपस्माराचे सकाळचे औषध मात्र चुकवायचे नसते. ते कसे द्यायचे, याची सूचना भूलतज्ज्ञांकडून आदल्या दिवशी घ्यावी.

एका बैठकीत दात भरणे, टोप्या बसवणे, वाचवता न येणारे दात काढणे, दातांवरचा थर काढणे आणि वाढलेल्या हिरड्या कापणे ही सर्व कामे होऊ शकतात. दुसऱ्या कारणासाठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याच भुलेत दातांचे काम उरकता येईल का, हे विचारावे. घरातील निगा बदलली नाही तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा कीड लागते आणि पुन्हा भूल द्यावी लागते. म्हणून घरी आल्यानंतर पहिल्या रात्रीपासूनचा ब्रश हा त्या शस्त्रक्रियेचाच उत्तरार्ध मानला पाहिजे.

आकडी आणि अपघात

खुर्चीवर असताना आकडी आली तर तोंडातील उपकरणे तत्काळ काढून मुलाला कुशीवर वळवतात. घरीही हेच करावे. दातखीळ उघडण्यासाठी चमचा घालणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे हे सर्व प्रकार टाळावेत. चमच्याने दात मोडतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकली तर इस्पितळात न्यावे. आकडी थांबल्यावर दात मोजावेत. एखादा दात किंवा तुकडा कमी असून तो सापडत नसेल, तर छातीचा एक्स-रे काढणे गरजेचे ठरते.

पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने उचलावा आणि थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. इतर मुलांच्या बाबतीत दात लगेच जागी बसवायला सांगितले जाते. ज्या मुलाला आकड्या येतात किंवा गिळण्याचा त्रास आहे, त्याच्या तोंडात घरी दात बसवू नये. दुधाचा दात पडला असेल तर तो पुन्हा बसवत नाहीत.

संबंधित इतर विकार

वरील बहुतेक सूचना अन्य मेंदूविकारांनाही लागू पडतात. काही बाबी मात्र वेगळ्या आहेत. स्पायना बिफिडा असलेल्या अनेक मुलांना लेटेक्स रबराची तीव्र ॲलर्जी असते. त्यांच्यासाठी लेटेक्सविरहित हातमोजे वापरावे लागतात. डोक्यात पाणी साठल्याने पोटापर्यंत शंट घातलेल्या मुलांना दाताच्या उपचारापूर्वी सरसकट प्रतिजैविक देण्याची गरज नसते. शंट हृदयाकडे जाणारा असेल तर मेंदूशल्यचिकित्सकाचा सल्ला घेतात. रेट सिंड्रोममध्ये दात खाण्याचे प्रमाण मोठे असते. ऑटिझममध्ये चव, वास आणि आवाज यांविषयीची संवेदनशीलता हा मुख्य अडथळा असतो. चित्रांच्या साहाय्याने पायऱ्या आधी दाखवल्यास उपयोग होतो.

कायदा, योजना आणि सोयी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि दीर्घकालीन मेंदूविकार त्यांत येतात. या कायद्याच्या कलम २५नुसार सरकारी व खासगी आरोग्य संस्थांत अडथळाविरहित प्रवेश मिळावा आणि तपासणी व उपचारांत अग्रक्रम द्यावा, अशी तरतूद आहे. बाह्यरुग्ण विभागातील रांगेत ताठर शरीराचे मूल घेऊन तीन तास उभ्या असलेल्या आईला हा अग्रक्रम मागण्याचा अधिकार आहे. तो मागताना संकोच वाटू नये, यासाठी दिव्यांगत्वाचे युडीआयडी कार्ड जवळ असावे.

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कक्षेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता हे चार प्रकार येतात. या न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात प्रतिबंधक दंतोपचारांचाही समावेश आहे. अनेक कुटुंबे शस्त्रक्रियेसाठी ही योजना वापरतात, पण दातांची बाब त्यांच्या ध्यानात येत नाही. मूल १८ वर्षांचे झाल्यावर पालकांची संमती आपोआप ग्राह्य राहत नाही. स्वत: निर्णय घेता येत नसलेल्या व्यक्तीसाठी याच कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व मिळवता येते. पूर्ण भुलेखालील उपचारांच्या वेळी त्याची गरज भासते, म्हणून हे काम आधीच केलेले बरे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात विकासातील विलंबाबरोबर दंतविकारांचीही नोंद घेतली जाते आणि पुढील उपचारांसाठी मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

गोव्यात बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळ १९८०पासून कार्यरत असून तेथे बालदंतवैद्यक विभाग आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयही बांबोळीलाच असल्यामुळे मेंदूविकार, बालरोग, भूल आणि दंत या चारही शाखांचा सल्ला एकाच फेरीत घेणे शक्य होते. पेडणे किंवा काणकोणहून येणाऱ्या कुटुंबाने दोन्ही ठिकाणची वेळ एकाच दिवशी मिळावी, असा आग्रह धरावा. सीमाभागातील कुटुंबांना बेळगावची दंत महाविद्यालये, तर इंदूर आणि हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना तेथील शासकीय दंत महाविद्यालये जवळची आहेत. दंत महाविद्यालयांत उपचारांचा खर्च खासगी दवाखान्यांच्या तुलनेत बराच कमी असतो.

पर्वरीची संजय शाळा, फोंड्यानजीक ढवळीचे लोकविश्वास प्रतिष्ठान यांसारख्या विशेष शिक्षणाच्या संस्थांत मुलांचा दिवसाचा मोठा भाग जातो. अशा शाळांत दुपारच्या जेवणानंतर दात घासण्याचा पाठ इतर पाठांप्रमाणे वेळापत्रकात असला, तर घरच्या प्रयत्नांना बळ मिळते. ब्रश धरणे, तोंड उघडणे, थुंकणे ही कौशल्ये स्वावलंबनाचाच भाग आहेत.

सांभाळणाऱ्यांसाठी

रोज दोन वेळा दात घासणे हे कागदावर सोपे दिसते. रात्री दोनदा आकडी आलेल्या मुलाच्या आईसाठी ते सोपे नसते. एखाद्या दिवशी घासणे राहिले म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. त्या दिवशी ओल्या कापडाने दात पुसले तरी चालते. जबाबदारी एकट्या आईवर न टाकता वडील, आजी, मोठे भावंड यांना घासण्याची पद्धत शिकवावी. घरात दात घासू शकणारी किमान दोन माणसे असावीत, म्हणजे एक आजारी पडले तरी क्रम तुटत नाही.

आठवड्यातून एक दिवस ठरवून चांगल्या उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण समजावी. या टप्प्यावर फ्लोराइड आणि स्वच्छता यांनी दात सावरू शकतो. हीच रेघ पुढे तपकिरी होते, मग खड्डा पडतो आणि मग दुखणे सुरू होते. बोलू न शकणाऱ्या मुलासाठी ती पांढरी रेघ वेळेत पाहणारे डोळे घरातच असावे लागतात.